लेझर करू, दोरा बांधू, की उघडून घेऊ?

प्रश्न: डॉक्टर, मी ३६ वर्षांची आहे, तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दीड वर्षापूर्वी शौचाच्या जागेजवळ पुढच्या बाजूला गळू झालं होतं. गावातल्या दवाखान्यात ते कापून पू काढला. जखम भरली, पण तिथं बारीक तोंड राहिलं. दर दोन-तीन आठवड्यांनी ते फुगतं, ठणकतं, मग फुटून पू येतो आणि थोडे दिवस बरं वाटतं. रोज पॅड लावून शाळेत जाते. सासूबाईंना मूळव्याध आहे म्हणून सांगितलंय. खरं फक्त मिस्टरांना माहीत आहे. मला दोन मुलं आहेत. पहिल्या बाळंतपणात चिमटा लावावा लागला होता, टाकेही बरेच पडले होते. आता तिघांनी तीन सल्ले दिलेत. जिल्ह्याच्या ठिकाणचे सर्जन म्हणाले, भगंदराची नळी उघडून टाकू, एकदाच काय तो त्रास. एका लेझर सेंटरमध्ये सांगितलं, वीस मिनिटांचं काम, टाका नाही, दुसऱ्या दिवशी शाळेत जा. खर्च मात्र आमच्या ऐपतीबाहेरचा. माहेरकडचे वैद्य क्षारसूत्र, म्हणजे औषधी लेप दिलेला दोरा, सुचवतात. एमआरआयचा रिपोर्ट सोबत जोडला आहे. यातलं कोणतं करू? पुन्हा होणार नाही ना? आणि काहीच केलं नाही तर त्याचा कॅन्सर होतो हे खरं का?
— एक शिक्षिका

उत्तर: ताई, तुमच्या रिपोर्टमधल्या तीन ओळींवर सगळं अवलंबून आहे. नळीचं आतलं तोंड 'बारा वाजता' आहे, म्हणजे पुढच्या बाजूला. नळी बाहेरच्या स्नायूच्या साधारण निम्म्या उंचीवरून आरपार गेली आहे. आणि वाटेत दोन सेंटिमीटरचा पुवाचा कप्पा आहे. यात तुमचं चिमट्याचं बाळंतपण मिळवलं की माझं मत पक्कं होतं: नळी सरळ उघडून टाकण्याची शस्त्रक्रिया तुमच्यासाठी नको. आधी पू निचरून जाईल असा सैल दोरा, आणि दोन-तीन महिन्यांनी स्नायू न कापता नळी बंद करणारी शस्त्रक्रिया, असं दोन टप्प्यांत करून घ्या. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा निर्णय तुम्हाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या सर्जनचा. पण त्यांच्यापुढे बसाल तेव्हा तुम्हाला नेमकं विचारता यावं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते, कारण तुमच्या पत्रात ते न लिहिताही दिसतंय. हा आजार तुमच्या कुठल्या चुकीनं झालेला नाही. अस्वच्छतेनं नाही, तिखट खाण्यानं नाही, शाळेत तासन् तास उभं राहण्यानंही नाही. गुदद्वारापासून साधारण दोन सेंटिमीटर आत बारीक ग्रंथी असतात. त्यातली एखादी तुंबते, तिथं जंतू वाढतात, पू होतो आणि तो स्नायूंच्या मधून वाट काढत कातडीखाली येतो. तेच तुमचं गळू. ते फोडल्यावर पू निघून जातो, पण आतल्या ग्रंथीचं तोंड उघडंच राहिलं तर आत-बाहेर जोडणारी नळी कायमची तयार होते. गळू झालेल्या साधारण तिघांपैकी एकाला पुढे भगंदर होतं, काही पाहण्यांमध्ये हे प्रमाण त्याहूनही जास्त निघालं आहे. गावातल्या डॉक्टरांनी गळू कापलं म्हणून भगंदर झालं, असंही समजू नका. गळू कापायलाच हवं होतं.

लाज वाटते, हे मला कळतं. सतराव्या शतकात फ्रान्सचा राजा चौदावा लुई यालाही भगंदर झालं होतं. लेप, औषधं, सगळं करून झाल्यावर १८ नोव्हेंबर १६८६ रोजी शार्ल-फ्रांस्वा फेलिक्स या शल्यविशारदानं त्याची नळी उघडली. त्या काळी भूल नव्हती. आधी काही महिने फेलिक्सनं गरीब रुग्णांवर सराव केला होता. त्या बिचाऱ्यांची नावं कुठं उरलेली नाहीत, याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत भगंदराचे पाच प्रकार वर्णन केले आहेत आणि आठ महाव्याधींमध्ये त्याची गणना आहे. सांगायचं कारण इतकंच, की माणसाला हा आजार फार जुना आहे आणि तो राजवाड्यातही होतो. तुम्ही मूळव्याध म्हणून सांगता ते घरापुरतं ठीक, पण त्याचा एक तोटा आहे. उद्या कुणी मूळव्याधीचं चूर्ण आणून देईल, कुणी बिनऑपरेशनच्या पाटीखाली बसलेल्या माणसाचा पत्ता देईल, आणि नाही म्हणायला तुमच्याकडे कारण नसेल. मूळव्याध म्हणजे फुगलेल्या शिरांच्या उशा. भगंदर म्हणजे पुवाची नळी. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. तसल्या पाट्यांखाली कुणी त्या जागी इंजेक्शन देतो म्हणाला तर तिथून उठा. नेमकं काय टोचलं ते कळत नाही, आणि त्यानं आतली कातडी व स्नायू जळून आलेल्या बायका-पुरुषांवर पुढे उपचार करणं आम्हाला फार अवघड जातं.

आता स्नायूंचं. गुदद्वाराभोवती दोन कडी आहेत. आतलं कडं आपल्या इच्छेवर चालत नाही, ते झोपेतसुद्धा तोंड मिटलेलं ठेवतं. बाहेरचं कडं आपण आवळतो: वर्गात असताना घाई लागली तर थांबवायला, चारचौघांत वारा रोखायला. पिशवीच्या तोंडाला ओढायची नाडी असते, तसं हे काम. भगंदराची नळी या नाडीच्या खालून गेली आहे, मधून गेली आहे की वरून, यावर उपचार ठरतो. १९७६ साली ॲलन पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ४०० रुग्ण अभ्यासून नळीचे चार मुख्य मार्ग मांडले. आजही रिपोर्टमध्ये जे 'इंटरस्फिंक्टेरिक', 'ट्रान्सस्फिंक्टेरिक' असे शब्द येतात ते तिथलेच. तुमचं भगंदर ट्रान्सस्फिंक्टेरिक, म्हणजे दोन्ही कड्यांतून आरपार गेलेलं.

बायकांच्या बाबतीत यात एक महत्त्वाचा फरक आहे, आणि तो सांगायला वेळ लागला तरी चालेल. बाहेरचं कडं मागच्या बाजूला रुंद असतं, पण बायकांमध्ये पुढच्या बाजूला, योनीच्या मागे, ते फार आखूड असतं. त्यात चिमटा लावून झालेल्या बाळंतपणात तेच कडं कधी कधी आतून फाटतं. वरची कातडी शिवली जाते, टाके भरून येतात, आणि स्नायूतला फाटका भाग तसाच राहतो. तरुण वयात ते जाणवत नाही, उरलेला स्नायू काम भागवतो. अशा बाईच्या पुढच्या बाजूच्या भगंदरात उरलेला निम्मा स्नायू कापला, तर आज नाही तरी पाळी थांबल्यावर, पन्नाशीत, वारा रोखता येत नाही, पातळ शौच रोखता येत नाही, असं होऊ शकतं. म्हणून तुमच्या सर्जनना पहिली विनंती करा ती ही, की स्नायू आधीच फाटलेला आहे का ते एमआरआयवर पुन्हा पाहा किंवा गुदद्वारातून करायची सोनोग्राफी सांगा. आणि एक गोष्ट तुम्ही स्वतःच त्यांना सांगायची आहे, कारण बायका ती लाजेनं लपवतात: योनीवाटे कधी वारा किंवा मळ येतो का. येत असेल तर नळीची एक शाखा तिकडे उघडलेली असू शकते आणि सगळा बेतच बदलतो.

तुमच्या सर्जननी सुचवलेली नळी उघडण्याची शस्त्रक्रिया, फिस्टुलोटॉमी, मी वाईट म्हणत नाही. भगंदर खालून गेलेलं असेल, स्नायूचा थोडासाच भाग नळीखाली असेल, तर हीच सर्वांत भरवशाची. नळीवरची कातडी आणि तो थोडा स्नायू कापून नळी उघडी पन्हळ करायची आणि ती तळापासून भरू द्यायची. असं भगंदर दहापैकी नऊहून अधिक जणांचं कायमचं बरं होतं. जखम भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, पण यशाच्या बाबतीत स्नायू न कापणारी कुठलीही पद्धत तिच्या जवळपास जात नाही. तुमच्या शेजारच्या पुरुषाचं मागच्या बाजूचं वरवरचं भगंदर असतं, तर मी त्याला हेच करून घे म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत मात्र ही पद्धत जो स्नायू मागते, तो देण्याइतका तुमच्याकडे शिल्लक नाही.

मग पहिला टप्पा, सैल दोरा. याला आम्ही 'सेटॉन' म्हणतो. भूल देऊन सर्जन नळीतून रबराचा किंवा सिलिकॉनचा मऊ धागा ओवतात, आतल्या तोंडातून बाहेर काढतात आणि कड्यासारखी सैल गाठ मारतात. तो काही कापत नाही. त्याचं काम एकच, बाहेरचं तोंड बंद होऊ द्यायचं नाही, म्हणजे पू साठत नाही, फुगणं नाही, ठणकणं नाही. त्याच वेळी तुमचा तो दोन सेंटिमीटरचा कप्पा उघडून साफ केला जातो. पुवाचा कप्पा तसाच ठेवून वरून नळी बंद केली तर आतलं गळू पुन्हा फुटणारच, मग पद्धत कितीही महागडी असो. पुष्कळ लोकांना वाटतं, दोरा घालून डॉक्टर नुसते दिवस काढतात. तसं नाही. त्या दोन-तीन महिन्यांत सूज ओसरते, वेड्यावाकड्या शाखा आटतात आणि नळीची भिंत दोरीसारखी घट्ट होते. अशी घट्ट नळीच पुढच्या शस्त्रक्रियेत पकडता येते, बांधता येते.

दोरा असताना आयुष्य कसं असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. पहिले चार-पाच दिवस टोचतं. मग सवय होते. अंघोळ, स्वयंपाक, शाळा, पाळी, सगळं नेहमीसारखं. थोडा ओलावा येत राहतो, येणारच, तो यावा म्हणूनच दोरा आहे. घडी केलेला गॉझ पुरतो, जाड पॅड लागत नाही. शौचानंतर पाण्यानं धुवा, कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं बसा. पाण्यात लाल औषध, तुरटी, डेटॉल काही घालू नका. त्यानं कातडी जळते आणि फायदा काही नसतो. दोरा हळूच फिरवायचा असतो, तो कसा ते दवाखान्यातून निघताना सिस्टरकडून शिकून घ्या. मात्र दोरा 'घट्ट' बांधतो असं कुणी म्हणालं तर थांबा. घट्ट दोरा रोज थोडा थोडा स्नायू कापत जातो. तुमच्या बाबतीत नेमकं तेच टाळायचं आहे.

इथंच क्षारसूत्राचा प्रश्न येतो. माहेरकडच्या वैद्यांचा सल्ला मी उडवून लावणार नाही. सुश्रुतांनी क्षारसूत्र सांगितलं आहे. गेल्या शतकात, १९६० च्या दशकापासून, बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली ते पुन्हा उपचारात आलं. सुती किंवा लिननचा धागा, त्यावर निवडुंगाच्या जातीतल्या स्नुहीच्या चिकाचे, आघाड्याच्या क्षाराचे आणि शेवटी हळदीचे मिळून एकवीस लेप. असा वाळवलेला धागा नळीत बांधतात आणि आठवड्याला बदलतात. तो नळी जाळत, कापत, मागून भरत येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं अनेक केंद्रांवर केलेली त्याची चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. त्यात वर्षभरानंतर पुन्हा भगंदर होण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के आढळलं. भरून यायला मात्र शस्त्रक्रियेत साधारण ४ आठवडे, तर क्षारसूत्रात ८ आठवडे लागले. म्हणजे शिकलेल्या, प्रमाणपत्र असलेल्या वैद्याच्या हातून, योग्य भगंदरात ही चांगली पद्धत आहे. पण ती शेवटी कापणारी पद्धत आहे. कापताना मागचा स्नायू जुळत येतो, म्हणून एका झटक्यात कापण्यापेक्षा ती सौम्य ठरते हे खरं. तरी पुढच्या बाजूला आखूड, कदाचित आधीच फाटलेल्या कड्यावर ती करून बघावी असं मी म्हणणार नाही. तुमच्या वैद्यांना रिपोर्ट दाखवून हाच मुद्दा विचारा. जाणते वैद्य स्वतःच म्हणतील, की हे भगंदर क्षारसूत्राचं नाही.

दुसऱ्या टप्प्यासाठी माझी पहिली पसंती 'लिफ्ट' या शस्त्रक्रियेला. ती २००७ साली थायलंडच्या अरुण रोजनसकुल यांनी जगापुढे मांडली, आणि मला ती तिच्या साधेपणासाठी मनापासून आवडते. दोन कड्यांच्या मधल्या फटीतून, दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून आत जायचं, तिथं आरपार जाणारी नळी दोरीसारखी हाताला लागते, ती दोन्ही बाजूंनी धाग्यानं बांधायची आणि मधून तोडायची. एकही स्नायू कापायचा नाही. लेझरचं यंत्र नको, कॅमेरा नको, नळीत बसवायचा परदेशी प्लग नको. लागतो तो हे नियमित करणारा सर्जन. शंभरातले साधारण पासष्ट ते पंचाहत्तर रुग्ण पहिल्याच प्रयत्नात बरे होतात. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा, आणि त्याचं उत्तर लिफ्टच्या बाजूनं आहे. ती फसली तरी पुष्कळदा उरणारं भगंदर आतल्या, उथळ प्रकारचं असतं, म्हणजे पहिल्यापेक्षा सोपं. रोखण्याची ताकद जवळपास जशीच्या तशी राहते.

लिफ्ट जमत नसेल तर आतल्या अस्तराची झडप. गुदनलिकेच्या आतलं मऊ अस्तर जरा वरून सोडवून खाली ओढायचं आणि नळीच्या आतल्या तोंडावर शिवून ते झाकायचं. वेगवेगळ्या ठिकाणच्या निकालांत शंभरातल्या साठ ते ऐंशी जणांना यश आलेलं दिसतं. थोड्या लोकांना पुढे किंचित गळती जाणवते. पण तुमचा स्नायू फाटलेला निघालाच, तर त्याच वेळी तो शिवता येतो, हा या पद्धतीचा मोठा फायदा. तुम्ही मिश्री लावत असाल किंवा घरात तंबाखू चालत असेल तर झडपेआधी ती बंद करा, कारण निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि झडप सुकते. शिक्षिका आहात म्हणून हे विचारायला नको असं मी मानत नाही. सुशिक्षित घरांतही डबी असते.

लेझर सेंटरनं जे सांगितलं त्यात सगळं खोटं नाही. फिलॅक ही लेझरची पद्धत जर्मनीतल्या विल्हेल्म यांनी २०११ साली मांडली. नळीत बारीक तंतू घालायचा आणि तो मागे ओढत नळीची भिंत आतून भाजून आकसवायची. स्नायू वाचतो, दुखणं कमी, घरी लवकर जाता येतं. पण आतलं तोंड नीट शिवलं तरच त्याचा टिकाऊ उपयोग, आणि बरं होण्याचं प्रमाण शंभरात साठ-पासष्टच्या आसपास. म्हणजे लिफ्टहून सरस तर नाहीच. रुंद नळी, शाखा आणि पुवाचा कप्पा असताना ते आणखी घटतं. तुमच्या कप्प्याचा निचरा न करता, पहिल्याच भेटीत लेझर ठरवून देणाऱ्याला मी प्रश्न विचारला असता. 'दुसऱ्या दिवशी शाळेत' ही जाहिरात आहे. दुसऱ्या दिवशी शाळेत जाता आलं म्हणून सहा महिन्यांनी पू येणार नाही, असं नाही. कॅमेऱ्यानं नळी आतून पाहून जाळण्याची 'व्हाफ्ट' नावाची इटलीतली पद्धतही याच कुळातली. लांब, फाटे फुटलेल्या भगंदरात तिचा उपयोग जास्त.

डुकराच्या आतड्यापासून बनवलेला प्लग किंवा फायब्रिनचा गोंद भरण्याची जाहिरातही तुमच्या पाहण्यात येईल. ब्रिटनमध्ये ३०४ रुग्णांवर प्लगची चाचणी झाली. वर्षभरानं प्लगवाल्यांपैकी ५४ टक्क्यांचं आणि सर्जनच्या नेहमीच्या पद्धतींनी ५५ टक्क्यांचं भगंदर भरलेलं होतं. प्लगचा खर्च मात्र जास्त. गोंदाचे निकाल तर त्याहूनही फिके. जास्त पैसे मोजल्यानं जास्त यश मिळेल, हा हिशेब भगंदराला लागू पडत नाही, आणि म्हणून खर्च ऐपतीबाहेरचा आहे याचं मनाला लावून घेऊ नका. लिफ्टला कुठलंही खास यंत्र लागत नाही, ती सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातही होऊ शकते. तिथं शस्त्रक्रिया विभागाच्या ओपीडीत विचारा, सरकारी आरोग्य योजनेबद्दल तिथल्या आरोग्यमित्रांना विचारा, आणि तुमच्या वैद्यकीय बिलाच्या प्रतिपूर्तीसाठी कोणते कागद लागतात ते शाळेतल्या क्लार्ककडून आधीच लिहून घ्या. दाखल होण्यापूर्वी, नंतर नाही.

दोन आजार आधी वगळायला हवेत. पहिला क्षयरोग. आपल्याकडे तो भगंदराच्या वेशात येतो, छातीत काहीही नसताना. म्हणून दोरा घालताना नळीच्या भिंतीचा तुकडा तपासणीला पाठवा आणि क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनाट चाचणी करा, असं तुम्ही स्वतः आधी सांगा. क्षय निघाला तर गोळ्यांनीच अर्धं काम होतं, आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. न कळता नुसती शस्त्रक्रिया केली तर ती फसते. दुसरा क्रोन्स, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार. महिनोन्महिने पातळ शौच, पोटात मुरडा, वजन घटणं, तोंडात सतत फोड येणं, असं काही असेल तर सर्जनना सांगा. मग आधी आतड्याची दुर्बिणीनं तपासणी आणि औषधं, शस्त्रक्रिया नंतर. मधुमेह आहे का तेही पाहून घ्या. तुमच्या वयात अनेकींना तो असतो आणि माहीत नसतो.

पुन्हा होईल का? होऊ शकतं. कुणी हमी देत असेल तर त्यांच्याकडे जाऊ नका. लिफ्टनंतर तीन-चार जणींमागे एकीला पुन्हा काहीतरी करावं लागतं, हे मनाची तयारी ठेवून ऐका. पण दुसऱ्यांदा करायची वेळ आली तेव्हा स्नायू शाबूत असला, की सगळे मार्ग उघडे राहतात. स्नायू एकदा गेला की भगंदर बरं होऊनही बाई घराबाहेर पडायला घाबरते, लग्नाला जात नाही, एसटीनं प्रवास करत नाही. अशा बायका मी पाहिल्या आहेत. म्हणूनच इतकं लांबलचक लिहितेय.

काहीच केलं नाही तर? मोठ्या माणसाचं असं भगंदर आपोआप सहसा भरत नाही, आणि अँटिबायोटिक्सनं तात्पुरती सूज उतरते, नळी जात नाही. कॅन्सर होतो हे ऐकलंत ते पूर्ण खोटं नाही, पण फार विरळ. बहुतेकदा वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिलेल्या भगंदरात. दीड वर्षाच्या भगंदरासाठी त्या भीतीनं रात्र जागवू नका. खरं नुकसान वेगळं आहे: दर वेळी पू तुंबला की तो नवी वाट शोधतो आणि आज सरळ असलेल्या नळीला फाटे फुटतात.

खाण्याचं एवढंच. वांगं, बटाटा, हरभऱ्याची डाळ सोडायची गरज नाही. शौच मऊ पण घट्टसर राहील एवढं पाणी, भाकरी, पालेभाजी, रात्री इसबगोल. जुलाबाची चूर्णं नकोत.

वेळापत्रक शाळेला धरून आखता येईल. सैल दोरा आत्ताच घालून घ्या. त्यासाठी आठवडाभराची रजा पुरेल. लिफ्ट उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवा, म्हणजे जखम भरायला जून उजाडेपर्यंतचा वेळ मिळेल. तपासणीला स्त्री सर्जन हव्या असतील तर मोठ्या शहरांत आता त्या आहेत. नसतील तर तपासताना सिस्टरना थांबवून घ्या, हा तुमचा हक्क आहे. मिस्टरांना बरोबर न्या. एमआरआयची फक्त रिपोर्टची पानं नकोत, सीडीही न्या. आणि सर्जनना सरळ विचारा: माझा किती स्नायू नळीखाली आहे, तुम्ही तो कापणार की वाचवणार, लिफ्ट तुम्ही नियमित करता का, फसलं तर पुढे काय? या प्रश्नांचा राग येणारे सर्जन असतील तर दुसरे शोधायला तुम्ही मोकळ्या आहात.

दोरा घालण्याआधीच जर ताप, थंडी, बसता येणार नाही असा ठणका, झपाट्यानं पसरणारी लाल सूज किंवा लघवी अडणं, यातलं काही झालं, तर वेळापत्रक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, ज्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आणि सर्जन आहेत तिथं जा. साठलेला पू त्याच रात्री काढावा लागतो.